तळाशी उरलेलं पांढरं : सेंद्रिय आम्लांच्या विद्राव्यतेच्या प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय आज नक्की झाला: नेहमीच्या वापरातली सेंद्रिय आम्लं वेगवेगळ्या द्रावकांत किती विरघळतात, ते स्वतः मोजायचं. मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, "हे सगळं छापलेलं आहे की, मग कशाला?" मी त्यांना आमच्या कपाटातल्या बरण्यांची लेबलं दाखवली. एकावर 'पाण्यात अल्प विद्राव्य', दुसऱ्यावर 'अल्कोहोलमध्ये सहज विद्राव्य'. अल्प म्हणजे किती? कोणत्या तापमानाला? मॅडम हसल्या आणि सही केली.

यादी अशी: बेन्झॉइक, सॅलिसिलिक, सायट्रिक, मलेइक आणि फ्युमॅरिक आम्ल. द्रावक: पाणी, टोल्यूइन, हेक्झेन आणि इथिल अॅसिटेट. अल्कोहोलचा साठा परवान्यावर असल्याने कुलपात असतो. तो टायट्रेशनपुरताच मिळेल (टायट्रेशन म्हणजे माहीत तीव्रतेचा अल्कली थेंबाथेंबाने टाकून आम्ल किती आहे ते मोजणं).

नोंदी अशा उघड्या लिहिण्यामागे एक माणूस आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ जाँ-क्लोद ब्रॅडली यांनी २००६ साली 'ओपन नोटबुक सायन्स' हा शब्द रूढ केला. प्रयोगाची वही रोजच्या रोज सगळ्यांसमोर ठेवायची आणि फसलेले प्रयोगही त्यात ठेवायचे, हा त्यांचा आग्रह. २००८ मध्ये त्यांनी पाण्याखेरीज इतर द्रावकांतली विद्राव्यता मोजण्याचं आव्हान विद्यार्थ्यांपुढे ठेवलं. २०१४ मध्ये ते गेले. माझ्यासारख्या मुलीला त्यांची पद्धत फार जवळची वाटते, कारण आमच्या हाताने चुका होणारच, आणि चुकलेलं रीडिंग खोडल्याने ते बरोबर होत नाही. म्हणून या वहीत काहीही खोडायचं नाही.

६ जानेवारी

सोडियम हायड्रॉक्साइडची दोन द्रावणं केली आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण द्रावणाने तपासली: ०.०४९९ आणि ०.०९९८ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं माप). पाणी उकळून गार करून वापरलं, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात आधीच बसलेला असतो.

पहिली बाटली बेन्झॉइक आम्ल आणि पाण्याची. २५० मिलीच्या बुचाच्या बाटलीत दोन चमचे भुकटी, वर पाणी. वॉटर बाथ ३० अंशांवर. सांगलीत सध्या सकाळी खोली १९ अंशांवर असते आणि दुपारी ३० ला टेकते, त्यामुळे 'खोलीच्या तापमानाला' हे शब्द मी या वहीत वापरणार नाही.

वीस मिनिटं हलवून वरचं नितळ द्रावण २५ मिली काढलं. फिनॉल्फ्थॅलीन (आम्ल संपलं की गुलाबी होणारा दर्शक) टाकून टायट्रेशन: १२.६ मिली. म्हणजे लिटरला ३.०७ ग्रॅम. तळाशी ढीगभर पांढरं उरलेलं, म्हणून द्रावण संपृक्त, म्हणजे आणखी काही विरघळू न शकणारं, असणार असं धरून चालले. पुस्तकात २५ अंशांना ३.४४ आहे. ३० अंशांना त्याहून कमी कसं?

७ जानेवारी

कालच्याच बाटलीतून. तासाभराने काल संध्याकाळी घेतलेलं रीडिंग १५.१ मिली होतं (३.६८ ग्रॅम). आज सकाळी, रात्रभर बाथमध्ये राहिल्यावर, १६.९. दुपारी पुन्हा १६.९. लिटरला ४.१२ ग्रॅम.

तळाशी घन पदार्थ दिसतो म्हणजे द्रावण भरलं, असं मी तीन वर्षं प्रॅक्टिकलच्या वहीत लिहीत आले. तसं नसतं. बेन्झॉइक आम्लाला पाणी नीट भिजवतसुद्धा नाही. भुकटी वर तरंगते, गुठळ्या धरते आणि रेणू एकेक करून सुटतात. वीस मिनिटांत द्रावण तीन चतुर्थांश भरलं होतं, एवढंच.

मॅडमनी सांगितलं, "आता उलट्या बाजूनेही गाठून बघ." म्हणून दुसरी बाटली ५० अंशांपर्यंत तापवून सगळं हलवून ३० वर आणून ठेवली आहे.

८ जानेवारी

उलट्या बाजूने: १७.० मिली, लिटरला ४.१४ ग्रॅम. खालून चढलं तरी आणि वरून उतरलं तरी आकडा एकाच ठिकाणी थांबला. आता मी ४.१ वर विश्वास ठेवते. यापुढे प्रत्येक आम्लाच्या दोन बाटल्या, एक गारकडून आणि एक गरमकडून. वेळ दुप्पट जाईल, जाऊ दे.

१२ जानेवारी

सॅलिसिलिक आम्ल, पाणी, ३० अंश. दोन्ही बाटल्यांतून २५ मिलीला १०.१ मिली. लिटरला २.७८ ग्रॅम.

माझी जोडीदार म्हणाली, उलटं व्हायला हवं होतं. सॅलिसिलिक म्हणजे बेन्झॉइक अधिक एक हायड्रॉक्सिल गट. पाण्याला आवडणारा गट वाढला तर विद्राव्यता वाढायला हवी. तिचं म्हणणं चुकीचं नाही, पण तो गट कुठे बसला आहे ते पाहायला हवं. तो कार्बोक्झिलच्या, म्हणजे आम्लपणा देणाऱ्या गटाच्या, अगदी शेजारी आहे आणि त्याचा हायड्रोजन शेजारच्याच ऑक्सिजनशी बंध धरून बसतो. पाण्यासाठी त्याचा हात मोकळा नाही. शिवाय सॅलिसिलिकचा स्फटिक जास्त घट्ट आहे: द्रवणांक १५९ अंश, बेन्झॉइकचा १२२.

गंमत अशी की हीच जोडी उकळत्या पाण्यात उलटते. १०० अंशांना बेन्झॉइक लिटरला ५६ ग्रॅम, तर सॅलिसिलिक जवळपास ७८. त्यामुळे 'कोण जास्त विरघळतं' हा प्रश्न तापमान न सांगता विचारताच येत नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत, सुट्टी. आई हलवा करत होती. मंद आचेवर तिळात चमचा-चमचा पाक सोडायचा आणि हाताने फिरवत राहायचं. मध्ये घाई झाली तर काटा येत नाही, पाक तिळांना चिकटून गोळा होतो. मी तासभर तिच्या शेजारी बसले. साखरेचा एकेक थर आधीच्या थरावर बसतो, त्याला बसायला आधार लागतो. आमच्या अतिसंपृक्त, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त विरघळलेलं धरून बसलेल्या, बाटल्यांतही असंच होतं. काल रात्री ५० वरून उतरवलेली एक बाटली सकाळी नितळ दिसत होती, सगळं विरघळलेलंच. काकांनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचरांनी, त्यात काचेच्या कांडीच्या टोकाने बेन्झॉइकचा एक कण सोडला. दोन मिनिटांत बाटलीभर सुया उगवल्या. म्हणून गरमकडून येणाऱ्या बाटलीत आधीपासून घन आम्ल हवंच.

२० जानेवारी

सायट्रिक आम्ल. यावर दोन दिवस गेले.

पहिली गोष्ट, बाटली हातात गार पडते. सायट्रिक विरघळताना उष्णता शोषून घेतं, इतकी की बाहेरून काचेवर हात ठेवला तरी कळतं. दुसरी, संपृक्त द्रावण काकवीसारखं दाट. पिपेटमधून ते धड उतरत नाही, भिंतीला राहतं. दोन रीडिंगांत इतका फरक आला की ती दोन्ही केवळ नोंदीसाठी इथे ठेवते: १८.७ आणि १९.८.

मग तोलूनच घ्यायचं ठरवलं. २.०३६ ग्रॅम द्रावण, पाण्याने २५० मिलीपर्यंत. त्यातलं २५ मिली घेऊन ०.०९९८ नॉर्मलने २०.४ मिली. सायट्रिकचे तीन आम्ल गट धरून हिशेब केला तर द्रावणात वजनाने ६४ टक्के सायट्रिक आम्ल. म्हणजे बाटलीत पाणी कमी आणि आम्ल जास्त.

आता इथेच घोळ होतो, आणि तो मी स्वतः केला. १०० ग्रॅम द्रावणात ६४ ग्रॅम. पण १०० ग्रॅम पाण्यात किती, तर १७८ ग्रॅम. आणि १०० मिली द्रावणात? १० मिली द्रावण तोललं, १३.१ ग्रॅम भरलं. त्यावरून सुमारे ८४ ग्रॅम. तिन्ही आकडे खरे, तिन्हींना 'विद्राव्यता' म्हणतात. मी पहिल्या रात्री माझा ६४ हा आकडा पुस्तकातल्या १४८ शी ताडून रडकुंडीला आले होते. पुस्तकातला आकडा २० अंशांचा, १०० मिली पाण्याचा होता. बेन्झॉइकसारख्या कमी विरघळणाऱ्या आम्लात या तीन मापांत फरक जाणवत नाही, सायट्रिकमध्ये तो तिपटीच्या आसपास जातो.

आणखी एक. ३६ अंशांच्या जरा वरपर्यंत तळाशी पाण्याचा एक रेणू धरलेला सायट्रिक असतो, त्यापुढे बिनपाण्याचा. म्हणजे तळाशी उरलेला पदार्थच बदलतो. गरमकडून उतरवताना तो परत बदलायला वेळ द्यावा लागतो. मी दोन रात्री दिल्या.

टोल्यूइनमध्ये सायट्रिक: शून्य म्हणता येईल इतकं. हेक्झेनमध्येही तेच. टायट्रेशनला एक थेंबसुद्धा जास्त लागला नाही.

२७ जानेवारी

बेन्झॉइक आणि टोल्यूइन. २ मिली द्रावण, त्यात आधीच उदासीन केलेलं अल्कोहोल २० मिली, म्हणजे दोन थर न पडता टायट्रेशन होतं. ०.०९९८ नॉर्मलने १५.७ मिली. लिटरला ९५.७ ग्रॅम. पाण्याच्या तेवीस पट.

सॅलिसिलिक टोल्यूइनमध्ये: लिटरला ८.८ ग्रॅम. एका हायड्रॉक्सिल गटाने दहा पटींहून जास्त फरक!

हेक्झेनमध्ये बेन्झॉइक थोडंसंच गेलं. टोल्यूइन आणि हेक्झेन दोन्ही 'अध्रुवीय' या एकाच रकान्यात बसतात आणि तरी वागणूक इतकी वेगळी. 'समान समानाला विरघळवतं' हे वाक्य अकरावीपासून पाठ आहे. त्याच्याने दिशा कळते, आकडा कधीच कळत नाही. बेन्झॉइकमध्ये बेन्झीनचं कडं आहे, टोल्यूइनमध्येही आहे, ते एकमेकांना धरतात. हेक्झेनकडे धरायला तसं काही नाही.

वापरलेलं टोल्यूइन वेगळ्या डब्यात साठवतो आहोत. बेसिनमध्ये एक थेंबही नाही.

१ फेब्रुवारी

आजचा दिवस वाया गेला असं संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

इथिल अॅसिटेटमधलं बेन्झॉइक. नेहमीप्रमाणे अल्कोहोल घालून टायट्रेशन सुरू केलं. गुलाबी रंग आला, अर्ध्या मिनिटात गेला. आणखी एक थेंब, आला, गेला. आणखी. मी फिनॉल्फ्थॅलीन खराब झालं म्हणून नवं केलं, ब्युरेट धुतली, पाणी बदललं. रंग काही टिकेना. तीन फ्लास्कची रीडिंगं: १९.२, २१.५, २४.८. जितकी जास्त थांबले तितका आकडा वाढला.

मॅडम येऊन वास घेऊन म्हणाल्या, "तू आम्ल मोजत नाहीयेस, द्रावक मोजतेयस." इथिल अॅसिटेट हा एस्टर. अल्कली पडला की त्याचं विघटन होऊन अॅसिटेट आणि अल्कोहोल होतं आणि अल्कली त्यात खर्च होत राहतो. बी.एस्सी.ला याच अभिक्रियेचा वेग मोजायचं प्रॅक्टिकल केलं होतं, तेही मीच!

२ फेब्रुवारी

म्हणून द्रावक उडवून उरलेलं आम्ल तोलायचं ठरवलं. तबकडीत २ मिली, ओव्हन १०५ अंशांवर. तासाने वजन, पुन्हा तासाने वजन. प्रत्येक वेळी कमी. थांबतच नाही. ओव्हनचं दार उघडलं तर वरच्या गार कडेला बारीक चमकत्या सुयांची पांढरी लव. बेन्झॉइक आम्ल वितळण्याआधीच उडून तिथे जाऊन बसलेलं. संप्लवन, तेही शिकलेलं.

शेवटी सोपं निघालं. तबकडी धूरपेटीत रात्रभर उघडी ठेवली, न तापवता. द्रावक गेला, आम्ल राहिलं. ते अल्कोहोलमध्ये घेऊन टायट्रेशन. आता रंग टिकला. इथिल अॅसिटेटमधलं बेन्झॉइक टोल्यूइनच्या अडीच पटीच्या आसपास भरलं. तबकडीवरून रात्रीत किती आम्ल उडतं ते पाहायला माहीत वजनाचं आम्ल तसंच रात्रभर ठेवलं आहे.

३ फेब्रुवारी

त्या तबकडीतलं आम्ल सकाळी टायट्रेट केलं. तोलून ठेवलेलं जवळपास सगळं परत मिळालं. पद्धत चालेल.

९ फेब्रुवारी

मलेइक आणि फ्युमॅरिक. दोघांचं रेणुसूत्र एकच, रेणुभार एकच, ११६. चार कार्बन, दोन कार्बोक्झिल, मध्ये एक दुहेरी बंध. फरक एवढाच की मलेइकमध्ये दोन्ही कार्बोक्झिल एका बाजूला, फ्युमॅरिकमध्ये विरुद्ध बाजूंना.

फ्युमॅरिक, पाणी, ३० अंश: १० मिलीला ०.०९९८ नॉर्मल १४.० मिली, लिटरला ८.१ ग्रॅम. मलेइक मात्र २५ अंशांना लिटरला ७८८ ग्रॅम असं पुस्तकात आहे. आमच्याकडची सगळी बरणी ओतली तरी तळाशी काही उरेना. म्हणून मलेइकचा आकडा मी मोजला नाही, तो पुस्तकाचाच धरावा.

शंभर पटीचा फरक! फ्युमॅरिकचे रेणू सरळ. एकाचा कार्बोक्झिल दुसऱ्याच्या कार्बोक्झिलला धरतो, दुसरा तिसऱ्याला, अशी साखळी लागते आणि साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. मलेइकचे दोन गट आपसातच बंध करतात, त्यामुळे शेजाऱ्यांशी धरलेली पकड कमी. द्रवणांक पाहिले की दिसतं: मलेइक १३५ च्या आसपास, फ्युमॅरिक २८७.

दुपारी काकांनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी प्रयोग मांडला होता, तो मी मुद्दाम उभी राहून पाहिला. मलेइकचं नितळ द्रावण, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, वर संघनक लावून उकळत ठेवायचं. काही वेळाने फ्लास्कमध्ये पांढरं पडायला लागतं. बाहेरून काही टाकलेलं नाही. आतला रेणू फक्त वळला आणि पाण्याला तो पेलवेनासा झाला. असा प्रयोग मी कितीही वेळा पाहू शकते.

१४ फेब्रुवारी

दोन टोकांना कार्बोक्झिल असलेल्या सरळ साखळीच्या आम्लांची जोडणी लावून बघितली, फक्त छापील आकड्यांवरून. सक्सिनिक (चार कार्बन) १८५ अंशांच्या आसपास वितळतं, ग्लुटारिक (पाच) ९८ ला, अॅडिपिक (सहा) १५२ ला. सम कार्बनवाले वर, विषम खाली. आडोल्फ फॉन बायर यांनी १८७७ मध्येच ही चढउतार टिपली होती. पाण्यातली विद्राव्यताही अशीच डोलते, फक्त उलटी: ग्लुटारिक पाण्यात भरपूर जातं, त्याच्या दोन्ही बाजूचे शेजारी त्यामानाने फार कमी. आमच्याकडे ग्लुटारिक नाही, म्हणून हे इथेच सोडते.

१९ फेब्रुवारी

टोल्यूइन आणि पाणी एकाच बाटलीत, बेन्झॉइक दोघांत वाटलं जातं. वाल्थर नेर्न्स्ट यांचा १८९१ चा नियम: दोन्ही थरांत रेणू एकाच रूपात असेल, तर दोन थरांतल्या प्रमाणांचा भागाकार स्थिर राहतो. तीन बाटल्या, आम्लाचं प्रमाण वाढवत नेलं. पाण्याच्या थरात (मोल प्रति लिटर) ०.०११९, ०.०१८४, ०.०२६५. टोल्यूइनच्या थरात ०.१००, ०.२५०, ०.५००.

साधा भागाकार केला तर ८.४, १३.६, १८.९. स्थिर नाही. टोल्यूइनच्या आकड्याचं वर्गमूळ घेऊन पाण्याच्या आकड्याला भागलं: ०.०३७६, ०.०३६८, ०.०३७५. स्थिर. म्हणजे टोल्यूइनमध्ये आम्ल जोडीजोडीने राहतं. दोन रेणूंचे कार्बोक्झिल समोरासमोर येऊन एकमेकांत गुंततात आणि पाण्याला आवडणारा भाग आत झाकला जातो. बाहेर राहतात दोन कडी, जी टोल्यूइनला परकी नाहीत. २७ जानेवारीच्या तेवीस पटीचं हे एक कारण.

२४ फेब्रुवारी

घरी लोणच्याच्या बरणीवर 'सोडियम बेन्झोएट' वाचलं आणि बाटली करून पाहिली. बेन्झॉइकचं हे सोडियम मीठ पाण्यात किती जातं! १०० मिलीत ६० ग्रॅमच्याही वर. त्या नितळ द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले की बेन्झॉइक लगेच पांढरं होऊन खाली बसतं. बुरशीला रोखणारं रूप मात्र हे न सुटलेलं आम्लच. म्हणून ते आंबट पदार्थांत काम करतं. लोणच्यात ते खाली बसत नाही कारण तिथे त्याचं प्रमाण अगदी थोडं असतं, ४.१ च्या मर्यादेखाली.

२ मार्च

मॅडमनी आज एक हिशेब करायला लावला. द्रावक कोणता हे विसरून, नुसत्या द्रवणांकावरून आणि वितळायला लागणाऱ्या उष्णतेवरून (बेन्झॉइकसाठी मोलला सुमारे १८ किलोज्यूल) विद्राव्यता काढायची. ३० अंशांना मोल अपूर्णांक (द्रावणातल्या एकूण रेणूंपैकी आम्लाच्या रेणूंचा वाटा) येतो ०.१९. स्फटिक मोडायला पडणारी ही किंमत. कोणत्याही द्रावकात ती तितकीच.

मग माझे आकडे त्याच मापात आणले. इथिल अॅसिटेट या आकड्याच्या अगदी जवळ. टोल्यूइन ०.०८, निम्म्याहून कमी. पाणी ०.०००६, तीनशे पटींनी कमी. दोन महिने मी प्रत्येक आकडा द्रावकाच्या स्वभावावर लिहीत होते. अर्धी गोष्ट स्फटिकाची होती, बाटलीच्या तळाशी उरलेल्या त्या पांढऱ्याची. फ्युमॅरिक आणि सॅलिसिलिकने तेच सांगितलं होतं, मला आज आकड्यात दिसलं.

९ मार्च

तापमानाचं शेवटचं काम. बेन्झॉइक, पाणी, २५ मिलीला ०.०४९९ नॉर्मल:
३० अंश, १६.९ मिली, लिटरला ४.१२ ग्रॅम
४० अंश, २२.५ मिली, ५.४८ ग्रॅम
५० अंश, ३२.० मिली, ७.८० ग्रॅम

५० अंशांचं पहिलं रीडिंग २९.४ आलं होतं. गार पिपेटच्या टोकाशी सुया धरल्या होत्या, आम्ल पिपेटमध्येच अडकलं. पिपेट बाथमध्ये गरम करून पुन्हा घेतलं.

व्हॅन्ट हॉफच्या समीकरणाने, म्हणजे तापमानाबरोबर विद्राव्यता किती वाढते त्यावरून, विरघळण्याची उष्णता: ३० ते ४० मध्ये मोलला २२.५ किलोज्यूल, ४० ते ५० मध्ये २९.७. प्रॅक्टिकलच्या वहीत आपण तीन बिंदूंमधून पट्टीने सरळ रेघ ओढतो. इथे रेघ वाकते आहे. चूक की खरंच?

१३ मार्च

मधले दोन बिंदू घेतले, दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी दोन रात्री. ३५ अंश: १९.५ मिली, ४.७५ ग्रॅम. ४५ अंश: २६.६ मिली, ६.४८ ग्रॅम. आता टप्प्याटप्प्याने उष्णता येते २२.१, २२.९, २७.८, ३१.७. आकडा प्रत्येक टप्प्याला वर जातो, कुठेही मागे येत नाही. छापील आकड्यांवर हाच हिशेब केला: २५ ते ४० मध्ये २४.४, ४० ते ७५ मध्ये ३५.२. वाक खरा आहे. पाण्यात बेन्झीनचं कडं शिरलं की भोवतालचं पाणी आपली मांडणी बदलतं, आणि ती मांडणी तापमानाबरोबर सैल होत जाते. त्यामुळे विरघळण्याची उष्णता एकच राहत नाही.

अहवालात सरळ रेघ न ओढता पाचही बिंदू तसेच दाखवते आहे. मॅडमची त्याला हरकत नाही. ४५ अंशांची बाटली काकांनी अजून बाथमध्ये ठेवली आहे. उद्या सकाळी तिसरं रीडिंग.